व्हँपायरच्या दंतकथेतली बाई: आधी तिच्यावरचा आरोप शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लेखिकेने व्हँपायरच्या दंतकथेवर डार्क फँटसी कादंबरी लिहायला घेतली आहे. ट्रान्सिल्व्हेनियातला किल्ला, तिथे तीनशे वर्षं जगत असलेली देखणी इलेना, आणि आपल्यावर अन्याय करणाऱ्यांच्या वंशजांना ती एकेक करून संपवते. तीन प्रकरणं झाली आहेत आणि आता गाडं अडलं आहे. त्या लिहितात, "इलेना माझी मलाच पोकळ वाटते. मूळ दंतकथेतलं किती पाळायचं? आणि हे सगळं कोकणात आणलं तर मराठी वाचकाला जवळचं वाटेल का?"

मी बरीच वर्षं भयकथा लिहिते आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या संपादित करते. तिन्ही प्रकरणं लक्षपूर्वक वाचली. भाषा चांगली आहे, अडचण भाषेची नाहीच. इलेना पोकळ वाटते, कारण ती दंतकथेतून आलेली नाही. ती आली आहे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि नंतरच्या सिनेमांतून. किल्ला, सरदार घराणं, फिकट चेहरा, रेशमी झगा हे सगळं शहरी लेखकांनी मागाहून चढवलेलं आहे. उन्हात जळून राख होणं तर १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून रूढ झालं. बाल्कनमधल्या खेड्यातला व्हँपायर फिकट नसतो. तो फुगलेला, लालबुंद, तोंडाशी रक्त आलेला, कालपरवापर्यंत शेजारच्या घरात राहणारा माणूस असतो. तो सावज हेरत दूरदेशी हिंडत नाही. आपल्याच घरी, आपल्याच गल्लीत परत येतो.

तुम्ही पुनर्कथन करताय, तेव्हा कशाचं करताय हे आधी ठरवायला हवं. मी तुम्हाला एक कागद सुचवते. मला विचाराल तर या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने कुठल्याही कादंबरीच्या आधी तो वाचावा.

१७१८ च्या पासारोविट्झच्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑटोमन साम्राज्याकडून व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग राजवटीकडे आला आणि १७३९ पर्यंत तिच्याकडे राहिला. सीमेच्या राखणीसाठी हायदूक म्हणजे शस्त्रधारी शेतकरी गावोगाव वसवले होते. मोरावा नदीकाठचं मेद्वेजा हे त्यांपैकीच एक गाव. १७३१ च्या हिवाळ्यात तिथे माणसं पटापट मरू लागली. प्लेग सीमा ओलांडतोय की काय या धास्तीने आधी ग्लासर नावाचा साथरोगाचा वैद्य पाठवला गेला. त्याला साथ सापडली नाही. त्याने दोष दिला निकस अन्नाला आणि ऑर्थोडॉक्स पंथाच्या कडक उपासांना. गावकरी मात्र रात्री दोन-दोन तीन-तीन घरं मिळून एकत्र राहत होते. काही जण झोपायचे, काही पहारा द्यायचे. हे थांबलं नाही तर आम्ही गाव सोडून जाऊ, असं त्यांनी साफ सांगितलं. मग जानेवारी १७३२ मध्ये फ्ल्यूकिंगर नावाचा लष्करी शल्यवैद्य आला, त्याने थडगी उकरून प्रेतं फाडून पाहिली आणि अहवाल लिहिला. युरोपभर व्हँपायरची चर्चा पेटली ती या अहवालामुळे.

या प्रकरणात नेहमी नाव घेतलं जातं ते आर्नोद पाओलेचं. हा हायदूक गवताच्या गाडीवरून पडून, मान मोडून मेला होता आणि पहिला व्हँपायर तोच, असं गाव मानत होतं. पण अहवाल नीट वाचला तर तो खरा बायकांचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तीन नावं बघा.

पहिली स्टाना. वय २०. बाळंतपणानंतर तीन दिवस आजारी पडून दोन महिन्यांपूर्वी मेलेली. मरण्यापूर्वी तिने स्वतः सांगितलं होतं की व्हँपायरच्या तावडीतून सुटण्यासाठी मी त्याचं रक्त अंगाला लावून घेतलं होतं. तेवढ्यावरून गावाने ठरवलं की ती आणि तिचं मूल दोघंही व्हँपायर होणार. मूल जन्मल्या जन्मल्या गेलं होतं. त्याला इतक्या निष्काळजीपणे पुरलं की कुत्र्यांनी उकरून अर्धं खाल्लं. शल्यवैद्याला स्टानाचं शरीर न कुजलेलं दिसलं. हातापायांची कातडी आणि जुनी नखं सुटून आली होती आणि खाली नवी कातडी, नवी नखं दिसत होती. गर्भाशय मात्र सुजलेलं होतं, कारण वार आतच राहून सडली होती. आज हे वाचताना कुठलीही सुईण सांगेल की ती कशाने गेली. फ्ल्यूकिंगरने ते डोळ्यांनी पाहिलं, कागदावर उतरवलं आणि तरीही तिला व्हँपायरांच्या रांगेत बसवलं.

दुसरी मिलित्सा, वय ६०. तिला बाहेर काढल्यावर जमलेले हायदूक थक्क झाले. ते सगळे तिला लहानपणापासून ओळखत होते. जन्मभर ती काटकुळी, वाळकी होती आणि थडग्यात मात्र चांगली भरली होती. या वेळचा प्रकार हिच्यापासूनच सुरू झाला, असं ते म्हणाले. कारण आधीच्या व्हँपायरांनी मारलेल्या मेंढ्यांचं मांस तिने खाल्लं होतं.

तिसरी स्टानोइका, हीही २० वर्षांची, एका हायदुकाची बायको. रात्री धडधाकट झोपली. मध्यरात्री किंकाळी फोडून थरथरत उठली आणि म्हणाली, नऊ आठवड्यांपूर्वी मेलेल्या मिलोने माझा गळा दाबला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या उजव्या कानाखाली बोटभर लांबीची निळी खूण होती.

आता तुमच्या इलेनाला यांच्या शेजारी उभी करा. इलेनाकडे सौंदर्य आहे, सूड आहे, तीनशे वर्षं आहेत. स्टानाकडे एकच कृती आहे: वाचण्यासाठी तिने रक्त लावून घेतलं. पण ती कृती तिची स्वतःची आहे, भीतीतून आलेली आहे, आणि जो उपाय केला त्यानेच ती दोषी ठरली. कादंबरीची नायिका उभी राहायला आणखी काय लागतं?

माझं सगळं म्हणणं इथे एकवटलं आहे. व्हँपायरच्या दंतकथेत बाई बाहेरून आणून बसवावी लागत नाही. ती तिथे पहिल्यापासून आहे. फक्त ती राक्षसीण म्हणून नाही, आरोपी म्हणून आहे. त्यामुळे तिचे दात, तिची शक्ती, तिचं वय हे सगळं नंतर ठरवा. तिच्यावर आरोप कोण करतं, कशावरून करतं, आणि त्या आरोपातलं किती तिने खरंच केलं होतं, ही तीन उत्तरं आधी तयार ठेवा. इलेनावर तुमच्या तीन प्रकरणांत कुणीच आरोप करत नाही. सगळे तिला घाबरतात, पण तिला ओळखणारं कुणी नाही. मिलित्साचा प्रसंग अंगावर येतो तो त्या हायदुकांमुळे. ज्या बाईला आपण लहानपणापासून पाहिलं, तिचं अंग भरलेलं दिसलं, तेव्हा तिला कधी पोटभर मिळालं होतं का हा विचार कुणाच्या मनात आला नाही, तिने कुणाला खाल्लं एवढाच आला. ही भयकथा आहे, आणि तिला किल्ला लागत नाही.

अहवालातली आणखी एक नोंद लेखकाने सोडू नये. गावाच्या हादनाकाची, म्हणजे मुख्य माणसाची, बायको आणि तिचं तान्हं मूल यांनाही उकरून काढलं होतं. दोघंही पूर्ण कुजलेली निघाली, म्हणजे निर्दोष. माती आणि थडगी शेजारच्या व्हँपायरांसारखीच होती, हेही शल्यवैद्याने लिहून ठेवलं. निशाण वाहणाऱ्या हायदुकाची बायको आणि मूलही कुजलेलं निघालं. एक साधा नोकरसुद्धा निर्दोष ठरला, त्यामुळे मानाच्या घरांना मुद्दाम वाचवलं असं अहवालावरून सिद्ध होत नाही. पण कादंबरीला सिद्ध करायचंच नसतं. थडगी उघडतानाची ती सकाळ डोळ्यांसमोर आणा: एका बाजूला हादनाक उभा आहे, दुसऱ्या बाजूला स्टानाचा नवरा. दोघांच्याही बायका आणि मुलं खाली आहेत. कुणाची बायको कुजलेली निघावी म्हणून कोण कोणाला काय देतो? एका प्रकरणाचा ऐवज इथे पडला आहे.

शरीराचं शास्त्रही माहीत असू द्या, नाहीतर वर्णन खोटं पडतं. प्रेत कुजताना आत वायू साठतो आणि अंग फुगतं, म्हणून वाळकी मिलित्सा भरलेली दिसली. त्याच दाबाने लालसर द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. वरची कातडी सुटली की खालचा थर ताजा भासतो. छातीत खुंट ठोकला की कोंडलेली हवा घशातून निघते आणि आवाज येतो. पाओलेच्या बाबतीत तो कण्हल्याची नोंद आहे. शिवाय हिवाळ्यात थंड जमिनीत हे सगळं संथपणे होतं. हे ठाऊक असलं म्हणजे गोष्टीतलं अद्भुत संपतं असं नाही. उलट तुम्ही दोन्ही शक्यता एकाच वाक्यात जिवंत ठेवू शकता, आणि डार्क फँटसीत मला तरी तेच सर्वांत जास्त धरून ठेवतं.

दंतकथेतलं किती पाळायचं? माझं उत्तर: नियम थोडे घ्या, पण जो घ्याल त्याची किंमत नायिकेकडून वसूल करा. लसूण, आरसा, वटवाघूळ, क्रूस अशी सगळी यादी भरायला गेलात की पुस्तक प्रश्नपेढी होतं. मेद्वेजामध्ये एक नियम असा आहे की त्यावर अख्खी कादंबरी उभी राहील: व्हँपायरपासून वाचायचं तर त्याच्या थडग्यातली माती खायची, त्याचं रक्त अंगाला लावायचं. पाओलेनेही हेच केलं होतं. म्हणजे औषध आणि लागण एकच. ज्याने स्वतःला वाचवलं तो मेल्यावर इतरांना मारणार. यात दुष्ट असं कुणीच नाही, आणि स्वतःला वाचवणाऱ्या प्रत्येकाकडे गावाला देण्यासारखा एक धोका आहे. स्टानाला हे माहीत होतं का? पाओलेची हकिकत सगळ्या गावाला पाठ होती, म्हणजे तिलाही असणार. तरीही तिने रक्त लावलं. तिच्या पोटात मूल होतं. हा निर्णय तिने कसा घेतला ते लिहा. ते रक्त कुणाचं होतं हे अहवाल सांगत नाही. तिथून पुढचं तुमचं.

तुमच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य आहे: "इलेनाच्या डोळ्यांत शतकांचा अंधार दाटला होता." वाक्य कानाला गोड आहे, पण वाचकाला त्यातून बघायला काही मिळत नाही. तोच भार कृतीवर टाकून पाहा. मी स्टानाबद्दल साधारण असं लिहीन:

"थडगं उघडलं तेव्हा बायकांना लांब उभं केलं होतं. पुरुष पांगल्यावर स्टाना पुढे गेली. आठवा सरत आला होता, वाकताना एक हात जमिनीला टेकावा लागला. खुंटाभोवतीची माती अजून ओली होती. तिने बोटं बुडवली, आधी कपाळाला लावली, मग पदर सारून पोटाला. घरी आल्यावर सासूने हात धुवायला पाणी पुढे केलं. स्टानाने हात धुतले नाहीत आणि सासूने ते पाहिलं."

यातला "पदर" मी मुद्दाम ठेवला आहे, कारण चूक दाखवायची आहे. सर्बियन खेड्यातली बाई पदर सारणार नाही. तिच्या अंगात लांब सदरा असेल, वर कमरेला बांधलेलं वस्त्र असेल. हात नकळत मराठी घराकडे वळतो आणि एका शब्दाने सगळं चित्र बिघडतं. तिथे "सदरा वर करून पोटाला" एवढं पुरे. सासू मात्र तशीच राहू द्या. तिथली घरंही एकत्र कुटुंबाची होती. सासू, दीर, जावा यांच्या गर्दीत वीस वर्षांच्या सुनेला एकांत कुठे आणि किती मिळतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. जवळीक हवी होती ना? ती इथे आहे, आणि त्यासाठी मेद्वेजाला सिंधुदुर्गात हलवावं लागत नाही.

कोकणाबद्दल तुम्ही थेट विचारलंत म्हणून सांगते: आणू नका. आपल्याकडे बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते असं मानतात, आणि स्टानाची गोष्ट वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्हीकडे भीतीचं मूळ एकच आहे: ज्या बाईला आपण वाचवू शकलो नाही ती आपला हिशेब करायला परत येईल. पण हडळीचे स्वतःचे नियम आहेत, तिचं विहिरीशी, पिंपळाशी, तिन्हीसांजेशी नातं आहे. तिला सुळे बसवले की ती हडळही राहत नाही आणि व्हँपायरही होत नाही. वेताळाचं तर नावच काढू नका. इंग्रजी अनुवादांनी त्याला व्हँपायर करून टाकलं, पण आरवलीच्या वेतोबाला आजही लोक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात; तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. राखणदार देवाला रक्तपिपासू करून काही साधणार नाही. हडळीवर लिहायचं असेल तर वेगळं पुस्तक लिहा. मी आनंदाने वाचेन.

वहाणांवरून किसिल्येवोची गोष्ट सांगायलाच हवी. मेद्वेजाच्या आधी, १७२५ मध्ये, किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच मेला आणि पाठोपाठ आठ दिवसांत नऊ माणसं गेली. सरकारी अधिकारी फ्रोमबाल्डने त्याची नोंद केली आहे. तिच्यात पेतारच्या विधवेबद्दल अगदी थोडं आहे: नवरा रात्री तिच्याकडे आला, आपल्या वहाणा मागितल्या, आणि मग ती गाव सोडून दुसऱ्या गावी निघून गेली. तिचं नावसुद्धा नोंदवलेलं नाही. त्या सगळ्या नोंदीत स्वतःच्या पायांनी बाहेर पडणारी ती एकटीच आहे. वुक कराजिचने आपल्या सर्बियन शब्दकोशात लिहून ठेवलं आहे की असा मेलेला नवरा बायकोकडे येतो, त्यातून ती तरुण आणि देखणी असेल तर हमखास, आणि अशा संबंधातून झालेल्या मुलाला हाडं नसतात, असं लोक सांगतात. आता विचार करा: विधवेला दिवस गेले तर गावात तिच्यापुढे दोनच उत्तरं आहेत. एकात ती बदफैली ठरते, दुसऱ्यात तिचा मेलेला नवरा व्हँपायर ठरतो. ती कुठलं उत्तर देईल? आणि ते दिल्यावर त्याचं थडगं उघडायला गेलेल्या लोकांना आत खरंच काही दिसलं तर? तुम्हाला स्टाना फार असहाय वाटत असेल तर ही बाई घ्या. तिच्या हातात निर्णय आहेत, खोटं बोलायची सोय आहे, आणि त्या खोट्याचं खरं होण्याची भीतीही आहे.

एका मोहापासून मात्र सावध करते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तो डोकावतो: एर्झेबेट बाथोरी. १५६० ते १६१४ या काळातली ही हंगेरियन सरदार घराण्यातली बाई कुमारिकांच्या रक्ताने स्नान करायची, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिला डिसेंबर १६१० मध्ये पकडलं, तिच्या नोकरांवर खटला चालला, तिच्यावर स्वतंत्र खटला कधी चाललाच नाही. तिच्याविरुद्धच्या साक्षींत मारहाणीचे आणि छळाचे भयंकर आरोप आहेत, पण रक्तस्नान त्यांत नाही. ते छापून आलं १७२९ मध्ये, ती मेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. बाई क्रूर असेल तर ती सौंदर्यासाठीच असणार, ही कल्पना त्यात घुसली आणि कायमची बसली. इलेना आरशासमोर बसून रक्ताने चेहरा उजळते तो प्रसंग त्याच कल्पनेतून आला आहे. तो काढा.

शेवट कसा करायचा याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी इतिहासात एक टोक आहे ते हाताशी ठेवा. १७५५ मध्ये मोराव्हिया आणि सायलेशियाच्या सीमेवर, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, रोझिना पोलाकिन नावाच्या मृत बाईला व्हँपायर ठरवून उकरलं, तिचं डोकं उडवलं आणि प्रेत जाळलं. हाब्सबुर्ग सम्राज्ञी मारिया तेरेसाने चौकशी लावली, तिचा वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याने हा सगळा अडाणीपणा आहे असं कळवलं, आणि सम्राज्ञीने थडगी उकरून प्रेतांची विटंबना करायला बंदी घातली. म्हणजे एका बाईच्या प्रेतावरून दुसऱ्या बाईने कायदा केला. मेद्वेजात व्हँपायर ठरवून जाळलेल्या प्रेतांची राख तोवर मोरावा नदीत जाऊन तेवीस वर्षं झाली होती. कादंबरीत दोन काळ ठेवायचे असतील तर ही दोन वर्षं, १७३२ आणि १७५५, तुम्हाला आयती मिळाली आहेत.

आता तुमच्या हस्तलिखिताचं. पहिलं प्रकरण पूर्ण बाजूला ठेवा. तिसऱ्यातला आरशाचा प्रसंग काढा, पण त्यातली दाई ठेवा. ती बोलते तेव्हा मजकूर जिवंत होतो. दुसऱ्या प्रकरणात मात्र एक सोनं आहे आणि ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. इलेना माणूस असतानाच्या आठवणीत सासू रात्री दाराला बाहेरून कडी घालते आणि सकाळी कडी काढताना आधी कान लावून ऐकते. त्या ओळीशी मी थांबले आणि परत वाचली. कादंबरी त्या दारापासून सुरू करा. कडी घालणाऱ्या बाईला काय माहीत आहे आणि आत झोपलेल्या बाईने काय केलं आहे, हे पहिल्या वीस पानांत वाचकाला कळू देऊ नका, पण तुम्हाला ते पक्कं माहीत असू द्या. नाव इलेना ठेवा की बदला, हा तुमचा प्रश्न. तिच्या वयातली तीनशे वर्षं मात्र काढून टाका. वीस पुरेत.